मागच्या सीटचं सामान

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

सातपूर, नाशिक

प्रिय चैताली,

गाडी आली. दसऱ्याला आली. तिच्याबरोबर काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे माझं डोकं का उठलंय ते तुला कळेल. पायाखालच्या मॅट, ३,४०० रुपये. सीट कव्हर, ७,८००. चिखल उडू नये म्हणून चाकांमागे लावायचे रबराचे चार तुकडे, ९००. मागच्या खिडक्यांना जाळीचे पडदे, १,६५०. दारांच्या कडेला चकाकती पट्टी, २,१००. ती कशासाठी असते हे विकणाऱ्या पोरीलासुद्धा सांगता आलं नाही. मानेखालच्या दोन उशा, ७००. आणि डॅशबोर्डवर बसवायचा बोटभर गणपती, ८५०. गाडीची किंमत वेगळी. ती इथे लिहीत नाही, दिवाळीच्या तोंडावर तुला कशाला घोर?

हे फोनवर सांगितलं असतं. पण तुला फोन लावला की तुझे बाबा पेपर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतात. पान काही उलटत नाहीत. मी फोन त्यांच्यापुढे धरला की मान हलवतात, आणि ठेवला की विचारतात, काय म्हणत होती? तू ‘बाबांना दे’ म्हणत नाहीस, ते मागत नाहीत, आणि मी मधल्यामध्ये तुमचं टपालखातं. मग म्हटलं, एकदा खरंच टपालाने लिहावं.

आखाजीचं मला उकरून काढायचं नाही, पण सगळं तिथूनच सुरू झालंय. अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला तुला न्यायला बाबा मुराळी म्हणून देवळ्याला आले ते एसटीने. सोबत सांजोऱ्यांचा डबा आणि बाळाच्या डोक्यावर धरायला नवी छत्री. विहीणबाई म्हणाल्या, व्याही, एवढ्या उन्हात तान्ह्या लेकराला एसटीत कोंबून न्यायचं? मुराळ्याने कशी गाडी घेऊन यावी! आणि तू म्हणालीस, आईंचं बरोबर आहे बाबा. बरोबर होतंच गं. मी तिथे असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण ते म्हणतात, ती माझ्याकडे न बघता बोलली. एकटे परत आले, छत्री एसटीतच विसरून. तेव्हापासून देवळ्याचं नाव निघालं की उठून गॅलरीत जातात. त्यात तुझा हट्ट, की बाबांनी आधी फोन करावा. दोघं एकाच मातीची, आणि भाजते मी.

मग गणपती उठल्यावर एके दिवशी पेपरात गाड्यांवरचा टॅक्स कमी झाल्याचं आलं, आणि ह्यांनी जाहीर केलं की गाडी घ्यायची. कशाला? तर गडावर देवीला जायला. मी म्हटलं, गडावर एसटी जाते, आणि देवी काही पार्किंग बघून पावत नाही. पण फंडाचे पैसे त्यांचे, जन्मभर कारखान्यात पाळ्या केल्यात, म्हणून जास्त बोलले नाही. एवढंच म्हटलं, घ्यायची तर साधी घ्या, आणि भाव मला करू द्या.

आणि चैताली, भाव मी केला होता गं! शोरूममध्ये पायल नावाची पोरगी होती, बोलायला साखर. मी बाहेरून विम्याचा दर काढून नेला होता. तो पुढे ठेवल्यावर तिने मुकाट्याने आठ हजार खाली आणले. हँडलिंग चार्ज म्हणून काही लावलं होतं, तर मी विचारलं, बाई, हे गाडी हाताळल्याचे पैसे का? मग मी मघाशी दार उघडून बघितलं त्याचे किती? शेजारच्या टेबलावरची माणसं हसली, आणि तो आकडा गेला. तळाला लावायचा रंग गेला, वाढीव वॉरंटी गेली. मी अशी रंगात आलेली, तेवढ्यात तुझे बाबा म्हणतात, मॉडेल वरचं दाखवा. खालच्यात मागे एसी नाही.

मागे एसी! अहो, मागे बसणार कोण? आपण दोघं पुढे. तर म्हणे, बसेल कोणीतरी. त्या ‘कोणीतरी’चे साठ हजार जास्त. मग खिडक्यांचे पडदे. मी खुणावत होते की शिंगाडा तलावावरच्या गाडी-सामानाच्या दुकानांत हेच निम्म्या भावात मिळतात, तर हे म्हणाले, ताई, लावून टाका. पायल माझ्याकडे बघून गोड हसली, काकू, काकांनी हो म्हटलंय. काकांनी त्या दिवशी सगळ्यालाच हो म्हटलं. जन्मभर मेथीच्या जुडीला दोन रुपये कमी करणारा माणूस, तिथे पाटलासारखा बसला होता. नंतर मागच्या दाराचं लॉक. आतून उघडता कामा नये, म्हणे. पायलने सांगितलं, उघडत नाही. ह्यांना पटेना. मला आत बसवलं, दार लावलं आणि बाहेरून ओरडतात, खेच, जोरात खेच! मी कडी खेचतेय, शोरूम बघतंय. दोन्ही बाजूंच्या दारांना तेच. लाज वाटली मला.

गणपतीचं सांगते. पायल म्हणाली होती, हा आमच्याकडून, शुभेच्छा म्हणून. बिल आलं तर त्यात हजर. बाकी कशालाही मी नको म्हटलं असतं, पण गणपतीला नको कसं म्हणायचं, आणि देवाचा भाव तरी कसा पाडायचा? जीभच वळेना. ती पोरगी बरोबर ओळखून होती. हात जोडले आणि दिले साडेआठशे. आता पंचवटीत पूजा करून आणली, चाकाखाली लिंबं ठेवली, सगळं यथासांग झालं, पण तो पिटुकला गणपती माझ्याकडे बघतो तेव्हा मला वाटतं तोही हसतोय.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, पुढच्या सीटवर बसणाऱ्या बाईचं एक तरी ऐकलंत? सगळं सामान मागच्या सीटचं! ते उठून गॅलरीत गेले. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही बघ.

परवा रविवारी म्हणाले, चल, शिंगाडा तलावावर जाऊन येऊ. मला वाटलं, हॉर्न बदलायचा असेल. दुकानात शिरून त्यांनी एकदम खालच्या आवाजात विचारलं, लहान मुलांची सीट आहे का, पट्ट्याची? दुकानदार तरुण, बोलघेवडा. म्हणाला, आहे ना आजोबा, पण ती वजनावर असते. कमी वजनाला तोंड मागे करून बसवायची, जास्त असेल तर दुसरी येते. बाळ किती किलोचं? तुझ्या बाबांनी छाती काढून सांगितलं, साडेचार किलो. तो म्हणाला, महिने किती? हे म्हणाले, नऊ. तर तो हसायलाच लागला. आजोबा, नऊ महिन्यांचं लेकरू साडेचार किलो? कांदा आहे का, चाळीत ठेवलं आणि वजन घटलं?

अगं, साडेचार किलो हे वजन तू सृष्टीला घेऊन आपल्याकडून सासरी गेलीस तेव्हाचं. त्यांच्या हातात ती तेवढीच राहिली आहे. तू फोटो पाठवतेस ते मी दाखवते, ते बघतातही, पण फोटोत वजन कुठे कळतं? दुकानदार माझ्याकडे वळला, आजी, तुम्ही सांगा. मी काय सांगणार? लेकराचं वजन विचारू नये, दृष्ट लागते, म्हणून मी तुला कधी विचारलंच नाही. आम्ही दोघं त्या दुकानात अशी उभी, जशी परक्याच्या बाळासाठी आलोय. ‘परत येतो’ म्हणून निघालो.

गाडीत बसले तर किल्लीच फिरवेनात. मी तापले होते. म्हटलं, एवढा खर्च करण्यापेक्षा फुकटचा एक फोन करायचा होता! पोरी, न्यायला येतो, एवढं म्हणायला मागे एसी लागतो का? तर समोर बघून म्हणाले, गाडी पुरी तयार होऊ दे. ह्या वेळी तिच्या सासूला बोट ठेवायला जागा नको. आणि मग, अगदी हळू, ती आली नाही तर गं? मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून बोंब मारायला लागला तेव्हा कुठे गाडी हलली.

तर हे पत्र त्यासाठी आहे. वसुबारसेला ते देवळ्याला येणार आहेत. मला अजून सांगितलेलं नाही, पण त्या दिवशी देवळ्याला जायचंय, दूध नको, असं गवळ्याला सांगून ठेवलंय. तू काही माफी मागू नकोस, त्यांनाही मागायला लावू नकोस, दोघांनाही ती जमत नाही. तू फक्त सृष्टीचं वजन कळव. जावईबापू योगेशरावांच्या कांद्याच्या काट्यावरचं नको, दवाखान्यात डोस द्यायला नेशील तेव्हाचं, लंगोट काढून केलेलं. फोनवर सांगू नकोस, पेपर माझ्या कानाशीच असतो. आणि पत्र माझ्या नावाने नको, त्यांच्या नावाने टाक. ‘बाबा, सृष्टी अमुक किलोची झाली,’ एवढी एकच ओळ पुरे. कागदावरच्या वजनाला दृष्ट लागत नसावी. लागली तर मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकीन. दुकानदाराने दोन्ही मापांच्या सीट शनिवारपर्यंत ठेवतो म्हटलंय, तेव्हा उलट टपाली कळव.

तुझीच,
आई