साखरपुड्याला नेलेला ताप

पुणे, १९ फेब्रुवारी २०१९

प्रिय दिगंबर यास मेहबूबचा सलाम, नमस्कार आणि खाली घातलेली मान. (तिसरी गोष्ट पत्रातून दिसत नाही, म्हणून लिहून कळवतोय.) तुझ्या आईला, आपल्या काकूंना, हॉस्पिटलातून लोणीला घरी आणल्याचं कळलं. जेवण जातंय का? धाप कमी आहे ना?

तुझ्या शालूच्या, आपल्या लेकीच्या, साखरपुड्याला निघालो तेव्हा मला एकशे दोन ताप होता. सिताराने दारातच अडवलं, "अहो, हा फ्लू असेल. तिथे पंच्याऐंशीच्या काकू आहेत. फोनवर आशीर्वाद द्या." मी म्हणालो, साधी सर्दी आहे. (शालूचा ब्लाउज मी शिवलेला, तो चारचौघांत कसा दिसतो ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू?) दात काढला तेव्हा उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल आणि तापाची एक गोळी गिळून स्वारगेटला बस पकडली. घाम येऊन ताप उतरला आणि मी स्वतःला डॉक्टर समजू लागलो. मांडवात दिसेल त्याला मिठी मारली. काकूंना कमी ऐकू येतं, म्हणून अगदी जवळ बसून अर्धा तास गप्पा मारल्या. दोनदा शिंकलो, तेही तळहातात, आणि त्याच हाताने त्यांना पेढा भरवला.

चौथ्या दिवशी त्यांना न्यूमोनिया. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मला (तू औषधं आणायला गेला होतास, हे नशीब) चांगलंच फैलावर घेतलं. "आजोबा, फ्लू विषाणूमुळे होतो. दाताच्या गोळ्या त्याचं काही वाकडं करत नाहीत. गोळीने ताप उतरला तरी लागण होतच राहते, घरी बसायचं असतं. आणि तुमच्या वयाला औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर बरं. यंदाची लस घेतली होती?"

"ती म्हाताऱ्यांसाठी असते ना?"

"तुमचं वय?"

"अडुसष्ट."

त्यांनी कागदावर लसीचं नाव लिहून माझ्या हातात ठेवलं. पुण्यात एवढा अपमान पुरतो.

मग काकूंना लांबूनच भेटलो. नाकात नळी, हाताला सुई. मला बघून म्हणाल्या, "म्हेबूब, तुला बरं हाय ना आता? त्या दिशी हात लई गरम लागला तुजा."

दिगंबर, त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी माझं मन राखलं. मी खाली जिन्यात बसून रडलो.

तुझा अपराधी,
मेहबूब

ता. क. नवऱ्या मुलाचे मामा सर्जेराव यांनी आजार आणला, असं तुमच्या घरात बोलतात आणि त्यावरून व्याह्यांशी बोलणं बंद आहे म्हणे. सर्जेरावांचं नाव कुसुमवहिनींच्या कानावर मीच घातलं. सर्जेरावांना फक्त रश्श्याचा ठसका लागला होता.

आणखी एक. येत्या रविवारी विश्रांतवाडीला सर्जेरावांच्या घरी जाऊन मी खरं सांगणार आहे. पत्र त्यासाठीच लिहिलं. तू बरोबर येशील का? सर्जेराव तरुणपणी पैलवान होते, हे सितारा मला आत्ता सांगतेय.