मुलीच्या मेंदूपेशींचे ध्वनिमुद्रण एकदा ऐकू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
मेंदू संशोधन विभाग.

विषय : दिवंगत मुलीच्या मेंदूच्या तुकड्यावरील प्रयोगाचे ध्वनिमुद्रण तिच्या आईला व मला एकदा ऐकू देण्याबाबत.

संदर्भ : परवानगी नाकारणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. मी एका दैनिकाचा निवृत्त बातमीदार. आमच्या मुलीला लहानपणापासून फिट्स येत. घरात तिला टकळी म्हणत, कारण फिट ओसरली की अर्धवट राहिलेले वाक्य ती तिथूनच पुढे सुरू करी. मेंदूतला आजारी भाग काढायचे ठरले, तेव्हा तो संशोधनाला देण्याच्या कागदावर तिने स्वतः सही केली. वर मलाच म्हणाली, "घेऊ द्या हो बाबा, घरी आणून ठेवणार कुठे?" शस्त्रक्रियेला नेताना ती आईशी बोलतच होती. "अगं आई, एक राहिलंच," इथवर आली आणि दार लागले. ती शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांविषयी आमची तक्रार नाही.

२. आपल्याकडील संशोधक बाई सांत्वनासाठी घरी आल्या होत्या. त्यांच्याकडून कळले की, त्या तुकड्याचे पातळ काप द्रावणात जिवंत ठेवतात. एक पेशी ग्लुटामेट नावाचे रसायन सोडते, ते मधली फट ओलांडून पलीकडच्या पेशीवरील रिसेप्टरला, म्हणजे ते टिपणाऱ्या जागेला, लागते आणि ती पेशी जागी होते. हे यंत्राने टिपले की स्पीकरवर टिकटिक असे ऐकू येते. मुलगी गेल्यावरही बराच वेळ तो आवाज येत होता. पत्नीने विचारले, तुम्ही काही केलेत की मगच येत होता का? बाई खरे बोलल्या. "नाही काकू, मधूनमधून आपणहूनही."

३. तेव्हापासून पत्नी म्हणते की, टकळीचे राहिलेले वाक्य आपल्या विभागात आहे. पेशी आपसूकही थोडे ग्लुटामेट सोडते, त्यात शब्द नसतात, असे मी परोपरीने समजावले. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही ऐकलंय का?" मी ऐकलेले नाही. ऐकीव माहितीवर मी उभ्या नोकरीत बातमी दिली नाही. आता ती पंखा लावू देत नाही, फ्रीज बंद ठेवते, दूध नासते. आवाजात आवाज मिसळायला नको, म्हणते. भरल्या ताटावरून कान देत उठते.

४. ध्वनिमुद्रण ही संस्थेची मालमत्ता असून नातेवाइकांना त्याचा उपयोग नाही, असे आपण कळवले आहे. मालमत्तेवर आमचा दावा नाही, प्रतही नको. आम्ही कोपऱ्यात बसू, कुणाला प्रश्न विचारणार नाही. त्यात वाक्य नाही हे पत्नीला तिच्याच कानांनी कळावे, एवढाच उपयोग. आणि तिला काही ऐकू आलेच, तर मी खुलासा करणार नाही.

५. आणखी एक विनंती. प्रयोगाच्या शेवटी रिसेप्टर अडवणारे औषध द्रावणात सोडतात, असे बाईंनी सांगितले. अलीकडची पेशी ग्लुटामेट सोडतच राहते, पलीकडे मात्र ते रिसेप्टरला लागू शकत नाही, आणि स्पीकर शांत होतो. आवाज ग्लुटामेटचाच होता, हे त्यावरून सिद्ध होते. आम्हाला ते सिद्ध व्हायला नको आहे. कृपया ध्वनिमुद्रण तिथवर येण्याआधीच यंत्र बंद करावे. टकळीला गप्प होताना आम्ही एकदा पाहिले आहे.

आपल्या होकाराकडे कान लावून असलेला,
(सही)
मुलीचे वडील

दिनांक : ११ मार्च

सोबत : मुलीच्या संमतीपत्राची आणि आपल्या पत्राची प्रत.