भिंगरीचा ससा आणि पान एक

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? (माझे हल्ली माझ्याआधी बोलतात.) इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी गोंधळलोय, आणि हा गोंधळ तुझ्यापुढे ओतल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

झालं असं, की आपल्या भिंगरीच्या (चार वर्षांची नात, एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव) बालवाडीत पालकांची सभा होती. मुलगा-सून कामावर, म्हणून मी गेलो. वीतभर खुर्चीत गुडघे कानाला लावून बसलो. बाई म्हणाल्या, रोज पंधरा मिनिटं मुलांना जवळ घेऊन पुस्तक वाचा. एवढंच ना! चाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी केली, शाळेचं तोंड न बघता बांधणीला आलेल्या पुस्तकांवरच वाचायला शिकलो. हे तर माझंच काम, असं मनाशी म्हणत टोपी हरवलेल्या सशाचं पुस्तक घेऊन घरी आलो.

आता तुला ठाऊक आहे, आमच्या धंद्यात पान गाळणं म्हणजे महापाप. मुखपृष्ठ वाचलं, प्रकाशकाचा पत्ता वाचला, मुद्रक, आवृत्ती दुसरी, सर्व हक्क स्वाधीन... मान वर करून बघतो तर मांडी रिकामी! दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक शेवटून उघडलं. मी परत पान एकवर आणलं. "आजोबा, ससा तिकडे आहे!" "असू दे, त्याची पाळी सातव्या पानावर." पाचव्या दिवशी पुस्तक काखेत मारून ती स्वयंपाकघरात गेली ती गेलीच.

तिथे तुझी भावजय. तिला अक्षरओळख नाही, हे तुला सांगायला नको. (मी दोनदा शिकवायला बसलो, दोनदा भांडण झालं.) ती चित्रावर बोट ठेवून विचारते, "हा का गं रुसलाय?" ससा रुसलेला नाही, ताई! मी छापील मजकूर तीनदा तपासला. पण एक दिवस तो रुसतो, एक दिवस त्याचा दात दुखतो, काल तर टोपी त्यानेच लपवली होती म्हणे. मी बाहेरून ओरडलो, "तसं लिहिलेलं नाहीये!" दोघी एका सुरात म्हणाल्या, "श्श!"

गेल्या आठवड्यात बाईंनी मुलांना घरच्यांबरोबर वाचायला बोलावलं. भिंगरीने आजीला ओढत नेलं. ती बिचारी घामाघूम. पण भिंगरीने 'ससा' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजी, हे बघ, तो इथे पण आहे." बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवलं, वाचनाची सुरुवात अशी होते! मी पिशव्या सांभाळत दारात उभा. निघताना बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही थोडं कमी वाचा." बांधणीवाल्याला! तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. जिला वाचता येत नाही तिने वाचायला शिकवलं, आणि वाचणाऱ्याची मांडी रोज चार वाजता, ऐन वाचायच्या वेळी, मोकळी. यात माझं नेमकं काय चुकलं, तूच सांग.

तुझा, सुट्या पानासारखा झालेला,
धाकटा

ता.क. खरं काम राहिलंच. आई कामावर गेली की तू मला दाराशी येऊन बसणाऱ्या अस्वलाची गोष्ट सांगायचीस. मला अस्वल बसेपर्यंतच आठवतं, पुढची पानं गळालीत. तेवढी लिहून पाठव. क्रमाने नसली तरी चालेल.

ता.क. २ तुझ्या भावजयीला यातलं काही कळू देऊ नकोस. (फोनवर तुझा आवाज मोठा असतो.)

ता.क. ३ पाकीट आणायला उठलो, तेवढ्यात भिंगरीने हे पत्र उलटं धरून आजीला मोठ्याने वाचून दाखवलं: "आजोबा म्हणतायत, मला पण गोष्टीत घ्या." मी पहिल्या ओळीपासून सगळं तपासलं. असं वाक्य यात कुठेही नाही. पण दोघींनी सरकून जागा केलीय. जातो. अस्वल सवडीने पाठव.