आमचा क्लब शंभर वर्षांचा की अकरा

ब्रुनवांग, १७ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप वाल्बुर्गाताईस, धाकट्या कोर्बिनियानचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जमेल तेवढा वाकून).

तुझी तब्येत बरी असेल. दाजींचा गुडघा नवीन बसवला असं कळलं. तुमच्या अल्टेनरीडच्या संघापेक्षा तो जास्त पळो, ही सदिच्छा. सहा वर्षांत पत्र नाही आणि आज एकदम जाड पाकीट, म्हणून घाबरू नकोस. इकडे कोणी गेलेलं नाही. एकाला घालवावंसं मात्र वाटतं आहे, त्याचीच ही हकिकत.

येत्या सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणादिवशी, आपल्या आइस हॉकी क्लबला शंभर वर्षं होतात (आपल्या म्हणतो; लग्न करून तू शत्रूच्या गावी गेलीस आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा हिरवा मफलर गळ्यात घातलास, हे मी विसरलेलो नाही). बाबा जन्मभर हीच तारीख सांगत आले. बिअरच्या तळघरासाठी तळ्यातला बर्फ कापायला गेलेली सहा पोरं, त्यात आपले बाबाही, कामधाम सोडून काठ्यांनी डब्याचं झाकण बडवत बसली आणि संध्याकाळी मुकादमाच्या शिव्या खाऊन त्यांनी क्लब काढला. मी दोन वर्षं खपून हा सगळा इतिहास लिहिला. मैदानाला छप्पर नव्हतं तेव्हा मधल्या सुट्टीत प्रेक्षकच फावडी घेऊन बर्फ लोटायचे, ते लिहिलं. एका हंगामासाठी आलेला कॅनडाचा खेळाडू खाटकाच्या मुलीच्या हातचं जेवून चाळीस वर्षं इथेच राहिला, तेही लिहिलं. तीनशे बारा पानं झाली. ती घेऊन मी नव्या व्यवस्थापकाकडे गेलो. टीलमान त्याचं नाव, ब्रेमेनचा आहे, आणि हॉलमध्ये थंडी फार वाजते अशी तक्रार करतो.

त्याने पहिलं पानसुद्धा उलटलं नाही. म्हणाला, "आजोबा, कागदोपत्री क्लब अकरा वर्षांचा आहे. शंभरी कसली करताय?"

ताई, माझं डोकंच फिरलं. क्लबचं तीनदा दिवाळं निघालं, कबूल. तीनदा नव्या नावाने नोंदणी झाली, तेही कबूल. आधी सॉसेजवाल्याचं नाव लावलं, मग गादीवाल्याचं, आणि आता आम्ही 'पँथर्स' आहोत. आपल्या खोऱ्यात पोस्टमास्तरणीच्या हंसाहून हिंस्र जनावर कोणी पाहिलेलं नाही, पण छातीवर पँथर. तरी तळं तेच, बर्फ तोच, दर शुक्रवारी घसा फोडून ओरडणारे आम्ही तेच. मी त्याला म्हटलं, "तुझ्या आजीने तीन लग्नं केली असती, तर तिसऱ्या लग्नापासून तिचं वय मोजलं असतंस का रे?" त्यावर त्याने सुरक्षारक्षकाला बोलावलं (तो आपल्या क्सावरचा नातू; बिचारा मला दारापर्यंत सोडायला आला आणि वाटेत माझी पिशवी त्यानेच धरली).

मग शुक्रवारी मी जे केलं ते तुमच्या वर्तमानपत्रात वाकडंतिकडं छापून आलं असेल, म्हणून खरं सांगतो. बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र मी चौतीस वर्षं चालवलं. हल्ली जो चालवतो त्याला मीच शिकवलं आहे, आणि तो दुसऱ्या सुट्टीत हमखास प्रेट्झेल आणायला जातो. मी चढलो, यंत्र मैदानाच्या बरोबर मधोमध उभं केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि वर बसून राहिलो. तीन हजार लोक आधी हसले, मग बाबांचं नाव घेऊन ओरडायला लागले. चाळीस मिनिटं खेळ बंद. शेवटी टीलमान बुटांनिशी घसरत, पंचांचा हात धरून आला आणि सर्वांसमक्ष माइकवर म्हणाला, "सहा डिसेंबरपर्यंत स्थापनेचा मूळ कागद दाखवा, शंभरी करू." मी किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी घरी पत्र आलं: तीन सामने प्रवेशबंदी. एवढा कोडगेपणा मी तुमच्या अल्टेनरीडमध्येसुद्धा पाहिलेला नाही.

असो. दाजींना नमस्कार. गुडघ्याला थंडी लागू देऊ नका.

तुझा,
कोर्बिनियान

ता.क. बाबा गेले तेव्हा तू स्वयंपाकघरातून एक निळी वही नेलीस, कारण मागच्या पानांवर आईने डंपलिंगची कृती लिहिली होती. पुढच्या पानांवर बाबांच्या अक्षरात स्थापनेचा वृत्तांत आहे, खाली सहाजणांच्या सह्यांसकट. ती वही ताबडतोब पाठव. कृती हवी तर उतरून घे. मफलरबद्दल मी वर जे लिहिलं ते लिहिलंच नाही असं समज.

ता.ता.क. आई नेहमी म्हणायची की बाबांचं डोकं तारखांना पक्कं नव्हतं, क्लब दोन वर्षांनंतरचा आहे. पाठवण्याआधी पहिलं पान उघडून बघ. आईचं खरं निघालं तर वही पाठवू नकोस. उंदरांनी कुरतडली असं दोन ओळींचं पत्र टाक, सही दाजींची घे, मी टीलमानशी भांडत राहीन. आणखी दोन वर्षं थांबायला माझी ना नाही ताई, पण परवा डॉक्टरांना तेवढी मिळतील का विचारलं, तर ते बराच वेळ माझे कागदच चाळत बसले.