सीटखालची थरथर

५ जाने., सोमवार
रिग हॉलमध्ये बसली एकदाची. दिवाण गॅलरीत गेला. मामी म्हणाल्या, "मंजे, आठ दिवस राहते म्हणालीस, आणि सोबत ही खाट कसली आणलीस?"
खाट नाही मामी, गाडी आहे. माझा मित्र चंदू, त्याचं गेम पार्लर बंद पडलं, तो पुण्याला गेला, म्हणाला ठेव तुझ्याकडे. लोखंडी फ्रेम, स्टिअरिंग, तीन पेडल, भंगारातल्या कारची सीट. समोर टीव्ही. अट: मामींच्या सिरीयलच्या आधी टीव्ही मोकळा.
मामा आधी भोवती नुसता फेऱ्या मारत होता. मग बसला, दोन चकरा मारल्या, उतरला. "हिच्यात जीव नाही शे." (नामपूर सुटलं, पण 'आहे'चं 'शे' सुटलं नाही.)
का रे?
"बुडाखाली काही कळत नाही. मेलेली गाडी."
बत्तीस वर्षं पिकअप चालवतोय. दिंडोरीची द्राक्षं, भाजी, रोज पहाटे पंचवटीच्या मार्केटला. त्याला मेलेली वाटली म्हणजे मेलेलीच.
जीव घालायचा. हंपीला मित्रमंडळी बोलावतायत, ते पुढच्या महिन्यात.

७ जाने.
मंडप-साउंडवाल्यांकडे गेले. तिथे मागच्या लग्नसराईत वायरी ओढल्यात मी, तेवढी ओळख. दोन बास शेकर आणि एक जुना ॲम्प्लिफायर मिळाला. शेकर म्हणजे तोंड नसलेला स्पीकर, आवाज जवळजवळ नाही, नुसता हलतो. एक सीटखाली बोल्ट केला, एक पेडलच्या पत्र्याखाली. लॅपटॉपवर थरथर कमी-जास्त करायच्या तीन पट्ट्या: इंजिन, रस्ता, ब्रेक. इथून पुढे इं., र., ब्रे.
पहिल्यांदा तिन्ही १०० वर. मामाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.
"माय, ही गाडी नाही, पिठाची गिरणी शे!"
खालच्या काकू वर. "तुमच्याकडे बोअर मारतायत का?"

८ जाने.
मामींनी एक जुनी गोधडी फाडून चार घड्या केल्या, रिगच्या चार पायांखाली घातल्या. काकू गप्प. मी यासाठी दोन तास इंटरनेटवर रबराचे पाय शोधत होते.
सगळं एकदम हललं की काहीच कळत नाही, हे आज कळलं. इं. ३०, र. ४०. खड्डा वेगळा, इंजिन वेगळं. मामा: "आता जरा श्वास घेतेय."
ब्रे. उद्या. (आज दुपारी अर्धवट सोडून घाटावर गेले होते, एक जण डिझेल पंप खोलून बसला होता, ते बघत राहिले. पिस्टनची रिंग हातात घेऊन दाखवली त्याने. काय गोड माणूस.)

११ जाने., रवि.
मामाने सोसायटीच्या गेटला पिकअप घातली. बंपर आत, गेट वाकडं. कुणाला लागलं नाही.
मामा: "गेट पुढे आलं."
मामींनी चावी काढून घेतली. पिकअपला त्या सवत म्हणतात, त्यामुळे नेहमीच्या भांडणासारखंच वाटलं आधी. पण आज हसत नव्हत्या. मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. बारा वर्षांची शुगर, त्यात परवा ते गच्चीवरून एकाच चपलेने खाली आले. दुसरी वरच राहिली. "चप्पल निघाली ते कळलं नाही गं यांना. मग ब्रेक काय कळणार?"
मामा बाहेरून ओरडला, "सगळं कळतं मला पायाला!"
शेवटी मामींनीच तोड काढली. मंजीच्या मशीनवर बसायचं. पायाला कळतं असं मंजी म्हणाली तर चावी परत. नाही तर नामपूरचा आतेभाऊ कधीपासून गाडी मागतोय, त्याला द्यायची.
म्हणजे परीक्षक मी. जिने स्वतः डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं.

१२ जाने.
ब्रे. फक्त पेडलच्या शेकरला दिला, सीटला नाही. ब्रेक जास्त दाबला आणि चाकं जाम व्हायला आली की पेडल पायाखाली फुरफुरतं. तेवढ्यात पाय किंचित सोडायचा. इतकंच.
ब्रे. ५०. "कळलं?" "कळलं."
ब्रे. ३०. "आता?" "कळतं गं."
तळपायावर बोटाने दाबून बघते म्हटलं तर पाय झटकन मांडीखाली. आमच्या नामपूरकडच्या घरात भाचीने मामाच्या पायाला हात लावायचा नाही, उलट तोच आमच्या पाया पडतो. लहानपणी मला फार मजा वाटायची, एवढा मोठा माणूस वाकतोय. "पाप लावतेस का मला?" म्हणाला.
राहिलं.

१४ जाने., संक्रांत
गच्चीवर स्पीकर लावला, पतंग, शेजारची सगळी पोरं. वायर कमी पडली, ती रिगची एक काढून वर नेली. माझे चार पतंग गेले, मामाने नऊ काटले. खुर्चीत बसून! बोटाला मांजा काय सांगतो ते डोळे मिटून कळतं म्हणे त्याला.
मामींनी त्याला तीळगूळ दिला, अगदी तिळाएवढा. "गोड बोला. गोड खाऊ नका."

१७ जाने.
मामा शिकवतोय मला. ब्रेक कसा लावायचा: क्रेटमधला वरचा घड हलला नाही पाहिजे. "हलला की मणी गळतो. व्यापारी क्रेट उचलून खाली बघतो, किती मणी पडलेत. त्याला बरोबर कळतं, ड्रायव्हर कसा होता ते."
मी ब्रेक लावला. "गेली तुझी द्राक्षं. बेदाणे विक आता."
त्याने लावला. काय सांगू. गाडी टीव्हीतली, पण कुणीतरी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी थांबली.

१८ जाने., रवि.
परीक्षा. मामी पदर खोचून समोर. दहा वेळा ब्रेक, दहाही वेळा नीट. ब्रे. ३० वरच ठेवला होता. प्रत्येक वेळी विचारलं, पायाला लागलं? प्रत्येक वेळी: "बरोबर शे."
मामी माझ्याकडे बघत होत्या, टीव्हीकडे नाही. मी म्हटलं, कळतंय मामी त्यांना. पास.
चावी परत. मामाने ती डोळ्याला लावली. आणि वाकून माझ्या पाया पडला, भर हॉलमध्ये. मामी हसल्या, डोळे पुसले, खिचडी टाकायला गेल्या.
लई भारी वाटलं आज. मी काहीतरी पूर्ण केलं.

२१ जाने., बुध.
सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. स्पीकर अजून तिथेच, धूळ खात. त्याला माझी वायर.
पेडलच्या शेकरची वायर.
खाली पळत आले. सीटखाली, पत्र्याखाली हात घालून बघितलं. पेडलचा शेकर सुटाच. चौदा तारखेपासून. म्हणजे रविवारी पेडल हललंच नव्हतं. एकदाही नाही. आणि दहा वेळा, बरोबर शे.
मामा पहाटेच दिंडोरीला गेलेला. फोन लावला नाही, गाडी चालवताना उचलला तर? गॅलरीत उभी राहिले. मामी म्हणाल्या, काय झालं गं, भाजी जळाल्यासारखा वास येतोय का? म्हटलं नाही.
सव्वाअकराला आला. गेटमधून अगदी सरळ आत घेतली. वर बघून हात केला.
मी त्याच्या पायांकडे बघत होते.

२२ जाने.
मामी भाजी आणायला गेल्यावर त्याला रिगवर बसवलं. वायर जोडलीच नाही. म्हटलं, ब्रेक लाव. लावला. पायाला कळलं? "बरोबर शे."
मामा, वायर गच्चीवर आहे.
त्याने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मग: "संक्रांतीपासून?"
हो.
"वाटलंच. तू काही जागेवर ठेवत नाहीस."
म्हटलं, आणि तू? मग सांगितलं त्याने. पाय केव्हाच गप्प झालेत. पण गाडी त्याला सीटमधून कळते. चाकं जाम व्हायला आली की बुडाखालचं इंजिन दबतं, तेवढ्यावर तो पाय सोडतो. मला हेही खोटंच वाटलं. टीव्हीचा आवाज बंद केला, तरी नीट थांबवली. मग सीटचा शेकरही बंद केला. पहिल्याच वळणाला भिंतीत.
म्हणजे खोटं नव्हतंच पूर्ण. मला इतका अभिमान वाटला की मी विसरलेच कशासाठी चाललंय हे.
मग एक दिसलं. ब्रेकच्या आधी दर वेळी तो खाली बघतो. किंचित. पाय कुठे आहे ते.
गेटपाशी? विचारलं.
"तिथं बघायला वेळ नाही मिळाला. ब्रेकच दाबला होता मी, मंजू. ब्रेक समजूनच दाबला."
गाडी काय करते ते सीट सांगते. पाय कुठल्या पेडलवर आहे ते नाही सांगत.
"मामीला सांगशील?"
तू सांग.
"द्राक्षं संपू दे. दीड महिना."
रस्त्यात शाळा आहेत मामा.
"मला माहीत नाही का कुठं शाळा शे? बत्तीस वर्षं—"
मामी आल्या. मेथी, गाजरं.

२३ जाने., शुक्र.
पहाटे गाडी काढली नाही. मामींना म्हणाला सर्दी. मळेवाल्याला फोन केला, तुझ्या पोराला म्हणावं, आज माल तूच घेऊन जा.
दुपारी मामी हळदीकुंकवाला गेल्या. मी पेडलखालचा शेकर सोडवला, वायर जोडली, हातात धरला. म्हटलं, पाय दे.
"भाचीनं हात लावायचा नाही."
हात लावत नाही. शेकर लावते.
हसला. "वकील व्हायची होतीस." उजवा पाय पुढे केला. मी जमिनीवर बसले. मला त्याचे तळपाय आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसले. भेगा, आणि एका बोटाला भाजल्याचा डाग, हिवाळ्यातल्या पाण्याच्या बंबाचा असणार. त्यालाही माहीत नव्हता.
ब्रे. १००. अंगठा: नाही. टाच: नाही. घोटा: नाही. माझं मनगट बधिर झालं धरून धरून. वर सरकवत गेले. नाही, नाही. गुडघ्याच्या खाली चार बोटं: "आलं."
तिथे पेनाने रेघ मारली.
तो वाकून बघत राहिला. "एवढं वर आलंय?"
मग दुसरा पाय स्वतःच पुढे केला.

२४ जाने.
मामा आंघोळ करताना रेघ पुसत नाही बहुतेक. लुंगी वर घेतली तेव्हा दिसली, फिकट.
मामींना अजून सांगितलं नाही त्याने. मीही नाही. मामी सर्दीचा काढा करतायत, तो मुकाट पितोय. कडू आहे, मी चाखला. भोगतोय म्हणायचं.
हंपीवाल्यांचा मेसेज, कधी येतेस. उत्तर लिहायला घेतलं आणि मग रिगच्या सीटचा एक बोल्ट ढिला दिसला.

२७ जाने.
मामा सकाळी: "पिकअपचं इंजिन तुझ्या मशीनमध्ये घालता येईल का? हीच गाडी. असली-तसली नाही."
येईल की.
मी चालवली, तो डावीकडे. आयुष्यात पहिल्यांदाच डावीकडे बसलो म्हणाला; स्वतःच्या वरातीतही गाडी यानेच चालवलेली. सीटवर फोन चिकटवला, कंप मोजायचं ॲप लावून. म्हसरूळ, मग दिंडोरीपर्यंत. दोन्हीकडे बागा, तोडणी चालू, क्रेटचे ढीग. तो डॅशबोर्डवर तळहात ठेवून सांगत होता: "हे घे. हे तिसऱ्या गिअरचं. इथं जरा कुरकुरते, हे पण घे, लाजू नको." एका मळ्यापाशी लोकांनी हाक मारली, "काय आप्पा, ड्रायव्हर ठेवला का?"
"मालकीण शे," म्हणाला.
परत येताना मी ब्रेक जोरात मारला. क्रेट नव्हते मागे, तरी त्याने वळून पाहिलं.

२९ जाने.
उभ्या गाडीचं इंजिन सेकंदाला सत्तावीस ठोके. ते बसवलं. मामा बसला, डोळे मिटले. "नाही. हे इंजिन शे, आपलं नाही."
काय कमी आहे?
"लंगडते ती. थोडी. तू ऐकलं नाहीस."
रेकॉर्डिंग पुन्हा बघितलं. खरंच. दर थोड्या वेळाने एक ठोका हलका पडतो. मी ते खराब रेकॉर्डिंग समजून पुसून टाकलं होतं. परत घातलं.
नामपूरच्या आतेभावाला मामानेच फोन केला. रविवारी ये म्हणाला, बघून जा. मामी आत लसूण सोलत होत्या. ऐकलं असेल, नसेल.

३० जाने., शुक्र.
इं. २२, लंगडणं धरून. र. ०. ब्रे. ०. रस्ता नको म्हणाला, नुसती उभी राहू दे.
दुपारी चार. टीव्ही बंदच. मामा सीटवर, हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले. मी विचारलं, कमी करू?
"राहू दे. हीच शे."
मामी चहा घेऊन आल्या, बिनसाखरेचा. कप फ्रेमवर ठेवला, चहावर बारीक बारीक गोल उठायला लागले. त्या बघत राहिल्या. "सवत घरात आली म्हणायची." मग हळूच त्याला: "बोला आता. किती दिवस काढा पिणार?"
म्हणजे यांना कधीपासून...
मामाने डोळे उघडले. लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली. रेघ गेलेली, पण बोट बरोबर तिथेच ठेवलं. "इथपर्यंत," म्हणाला. बाकी काही नाही.
मामी त्याच्या पायाशी खाली बसल्या.
थोड्या वेळाने त्याने खिशातून पिकअपची चावी काढली आणि समोरच्या पत्र्यावर ठेवली, स्टिअरिंगच्या शेजारी. मामींच्या हातात नाही दिली, माझ्याही नाही. इंजिनच्या थरथरीने चावी सरकायला लागली. केसाएवढी केसाएवढी. लंगडा ठोका आला की थांबायची, मग परत. कडेकडे.
मी बंद करू शकले असते. पट्टीवर बोट होतं माझं.
तिघंही चावीकडे बघत बसलो. हात कुणीच पुढे केला नाही.