पोट भरलेली पिल्लं

रेवदंडा, ४ जून २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडायले आलं असतं, म्हणून लिहून राह्यली. इथल्या मत्स्यबीज केंद्रातली माझी जिताडा माशाची पिल्लं मेली. सोळा दिवसांची होती. टाकी बदलायले जाळीत उचलली, तशी मूर्च्छा येऊन आडवी पडली. काचेखाली पाह्यलं, तर सगळ्यांचं पोट भरलेलं. उपाशी एकही नव्हतं.

आमच्या माणिक सरांनी सांगितलं, की पुढची खेपही गेली तर हे काम बंद अन् मी घरी परत. तू खुश होशील.

मी जेवते. लोभ कमी करू नको.

तुझी,
श्रुतिका

किरनापुर, १२ जून

चि. श्रुतिकास,
अ. उ. आ.

माशाले मूर्च्छा आली हे शेजारच्या पौर्णिमाले सांगितलं. तिनं कांदा हुंगवायले सांगितलं. कळवणं माझं काम, म्हणून कळवलं.

मी खुश झाली नाही. दोन दिवस वाट पाह्यली, तरी झाली नाही.

तेवीस वर्षं अंगणवाडीत पोरं तोलून राह्यली, म्हणून एक विचारते. चैतरामची नात थाळीभर जेवे, पोट टम्म, पण काटा हालेना. घरी जाऊन पाह्यलं, तर थाळीत नुसती पातळ पेज. डाळ नाही, तेल नाही. तिच्या आजीचं म्हणणं, पोट तर भरते. तुझी पिल्लं पाण्यातले जिवंत किडे खातात ना? त्या किड्याइले कोण काय खाऊ घालते, अन् कधी? तेवढं पाह्य.

लोभ आहेच, मागत जाऊ नको.

तुझी आई,
पुष्पलता

रेवदंडा, २२ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही किड्यांना सकाळी सातले माशाचं तेल पाजत होतो अन् तेच किडे संध्याकाळपर्यंत पिल्लांना घालत होतो. तोवर तेल किड्यांनीच पचवलेलं. पुस्तकात हे लिहिलेलं आहे. संध्याकाळची बादली मात्र कोणी पाह्यली नव्हती, मीही नाही.

आता तेल दोनदा पाजतो अन् किडे ताजेच घालतो. हे कुठं शिकली, असं सरांनी विचारलं. मी अंगणवाडी, किरनापुर असं सांगितलं. त्यांनी अहवालात तसंच लिहिलं, पुढं 'संस्था' जोडून.

नव्या खेपेच्या सोळाव्या दिवशी जाळी धरली, दोनदा परत ठेवली. शेवटी डोळे मिटून उचलली. नव्या टाकीत सोडली, तर पोहायले लागली! अकरा हजार चारशे जगली. वर्षभरात किलोभराची होतील, मग मुंबईच्या हॉटेलांत जातील.

माझी नोकरी राह्यली. तुझी माया राहू दे.

तुझी,
श्रुतिका

किरनापुर, ३० जुलै

चि. श्रुतिकास,
अ. उ. आ.

अंगणवाडीच्या महिन्याच्या बैठकीत मी उभी राहून तुझं सांगितलं. सुपरवायझर मॅडमनी पिल्लांचं वजन विचारलं. काट्यावर येत नाहीत, असं सांगून मी बसली. बसल्यावर रडू आलं. सर्दी झाली असं सांगितलं.

यापुढं पिल्लं किती वाढली ते लिहीत जा. हॉटेलाचं लिहू नको. आपण मासे खातो, मले माहीत आहे. तरी लिहू नको.

तुझी आई,
पुष्पलता