मीटरवरची पन्नी

४ डिसेंबर
अन् वरून म्हणते, मोतीराम पिऊन उतरला व्हता. कुलदीप, तुया जिभेले किडे पडो. माया भावानं उभ्या जन्मात थेंब नाई घेतला. गोबरगॅसच्या खड्ड्यात पंप अडकला तवा याच सुपरवायझरनं उतरवला त्याले. आत गॅस लागला. दोन वर्षं झाली. भाऊ तिकडं तेल्हाऱ्यात खाटेवर. हात थरथरते, शर्टाच्या गुंड्या वहिनी लावते. पिऊन उतरला म्हणून भरपाईचा पैसा नाई. अन् मी इकडं तिवशाजवळ, त्याच प्लांटवर, त्याच कुलदीपच्या हाताखाली! लोक इचारते, कावून राहून राहिला इथं? कुलदीपसाठीच.

१० डिसेंबर
पगार झाला. वहिनीले अकरा हजार पाठवले. औषधातच जाईन.

१४ डिसेंबर
पुण्याहून अद्वैत सर आले, गॅसचं शिकवाले. ऑफिसात बसवलं सगळ्याईले. म्हणे, "सडक्या अंड्यासारखा वास आला तर नशीब समजा. वास एकदम गेला तर पळा. गॅस गेलेला नसतो, तुमचं नाक मेलेलं असतं."

भावानं सांगतलेला तो दिवस आठवला. त्या दिवशी कुलदीप खड्ड्यावर उभा राहून काय म्हणला व्हता? "वास गेला रे मोतीराम. उतर बिनधास्त."

अन् भिंतीवरचा गॅसचा मीटर? त्यानं बोंब ठोकाले पायजे व्हती. पण त्याच्या तोंडावर कुलदीपनं प्लास्टिकची पन्नी चढवली व्हती, रबर लावून. सारखा कोकलते म्हणून. आजबी हाये ते पन्नी. अन् हा पयल्या रांगेत बसून मान हालवून राहिला व्हता.

१९ डिसेंबर
उद्या अमरावतीहून पाहणीचे साहेब. कुलदीप म्हणे, "अमोल, सकाळी पन्नी काढजो. साहेब गेले का चढवजो."
"हो भाऊ."
त्याले भाऊ म्हणतानी जीभ कडू होते.

२० डिसेंबर
नाई काढली!

साहेबानं बोट दाखवलं. "हे काय?" मी म्हणलो, "कुलदीपभाऊनं लावली, साहेब. मोतीराम पडला तवाबी व्हती." कुलदीप हसाले गेला. साहेबानं रबर ओढलं. मीटर असा कोकलला का साहेबच पयले पळाले. मी सावकाश चालत आलो — नाई, मीबी पळालो. पण पळता पळता कुलदीपचं तोंड पाह्यलं. पांढरंफटक. हेच पाहाचं व्हतं मले.

२१ डिसेंबर
प्लांटच्या शेटनं कुलदीपले काढलं. जातानी मले म्हणे, "आवाज बंद कर म्हणून शेटच मांगं लागला व्हता बे. मी का हौसेनं लावली?" खोटारडा. त्याची पेटी मीच गेटबाहेर नेली. आपटली.

२७ डिसेंबर
शेट म्हणे, "तू तोंडावर बोलते. आता तूच सांभाळ." मी सुपरवायझर. पगार दुप्पट. भावाले फोन लावला. म्हणलो, बदला घेतला तुया. तो म्हणे, "जेवला का?"

९ जानेवारी
मीटर सकाळपासून कोकलते. संत्र्याचा लगदा जास्त पडला खड्ड्यात. मी सगळे बाहेर काढले, काम बंद. दुपारी शेटचा फोन. "गॅसची गाडी भराले उभी हाये. आवाज बंद कर, नाई तर कुलदीपले परत बोलावतो."

१० जानेवारी
पन्नी चढवली. रबर तेच. आजच्यापुरती.
वहिनीले पाठवले — बावीस हजार.